ह्यांची गाडी मी घासली

आमचे हे कमी बोलायचे असं म्हणणंसुद्धा जास्तच झालं. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "काय करता?" तर म्हणाले, "ट्रक." बस्स. ट्रक चालवता, विकता की धुता, हे माझ्या काकांनी पुढे तीन प्रश्न विचारून त्यांच्याकडून काढून घेतलं. मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होते. माझी जीभ लहानपणापासून अशी, उचलली की लावली टाळ्याला. म्हटलं, चला, एकाने बोलायचं आणि एकाने ऐकायचं, जमेल आपलं. जमलंही.

चौतीस वर्षं ह्यांनी ट्रक चालवला, आणि चौतीस वर्षं तो दुसऱ्याचा. एकाच शेठकडे, एकाच गोदामात. विटा, लोखंड, फर्निचर, पिंपं, जे चढवतील ते न्यायचं. दुसऱ्याची गाडी म्हणून कधी हलगर्जीपणा नाही. घरचा नळ सहा महिने ठिबकत असला तरी हलणार नाहीत, पण गाडीचा एक स्क्रू कुरकुरला की रविवारची सुट्टी गेलीच म्हणून समजा. मी म्हणायची, "शेठने तुम्हाला दत्तक घेतलंय का हो?" तर नुसते हसायचे. त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा.

मग शेठ म्हातारा झाला, मुलांना धंद्यात रस नव्हता, गोदाम विकायला काढलं. ह्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. त्या वयाच्या ड्रायव्हरला नवीन मालक कोण ठेवतो? दोन ठिकाणी जाऊन आले. एकाने तोंडावर सांगितलं, "काका, गेटवर बसायचं काम आहे, स्टूल देतो." घरी येऊन हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. ट्रकच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला स्टूल म्हणजे काय, ते मला न सांगताच कळलं.

आणि आठवड्याने हे घरी आले, हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडी घेतली."

"कुणाची?" मी विचारलं.

"आपली."

मी ती बघायला गेले. गोदामाच्या मागे नऊ वर्षं उभी असलेली गाडी. इंजिन बंद पडल्यावर शेठने तिथे ढकलून ठेवलेली. त्याआधी अकरा वर्षं ती ह्यांनीच चालवलेली. शेठने भंगाराच्या भावाने दिली, पण तेवढ्यातच आमची निम्मी पुंजी गेली. इंजिनाच्या जागेतून एक झुडूप वर आलं होतं. केबिनच्या तळातून खालचं गवत दिसत होतं. सीटमध्ये उंदरांची दोन कुटुंबं सुखाने नांदत होती.

"अहो, ही गाडी आहे की चाळण?" मी म्हटलं. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! विचारायचं तरी होतं मला!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," हे म्हणाले. बरोबर होतं ते. म्हणूनच आणखी चिडले.

पण हिशेब ह्यांनी मनात केला होता. सरकारचा नवीन नियम आला होता. एवढ्या जुन्या गाड्या वर्षअखेरपर्यंत तपासणीत पास झाल्या तर पुढे दहा वर्षं चालवायच्या, नाहीतर कायमच्या बाद. सात महिने हातात होते. गाडी पास झाली तर हे दहा वर्षं स्वतःच्या गाडीचे मालक. नाही झाली, तर स्टूल. मधलं काहीच नव्हतं.

गाडी ओढून नेली ती चष्मा मिस्त्रीच्या शेडमध्ये. हा ह्यांचा जुना दोस्त. त्याच्या चष्म्याची एक काच कायम तडकलेली, म्हणून सगळे त्याला चष्मा म्हणायचे. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "वहिनी, ह्याला समजवा." मी म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी, भाऊ. तुम्हीच बघा." शेवटी त्याने कबूल केलं, की हातात दुसरं काम नसेल तेव्हा तो ह्यांच्या बरोबर राबेल, आणि पैसे गाडी कमवायला लागल्यावर घेईल.

नवीन असं काही घेणं शक्यच नव्हतं. इंजिन आणलं दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या गाडीचं. केबिनचा दाराजवळचा खांब गंजून भुगा झाला होता, तोही तसल्याच एका गाडीचा कापून आणून जोडला. टायर घासलेले, पण वरून नवीन रबर चढवलेले. मागच्या हौद्याला फळ्या लावल्या त्या जुन्या खोक्यांच्या, त्यांच्यावर अजून बाण आणि काचेच्या पेल्याची चित्रं होती. टाकी ठिबकत होती, तिच्यावर चष्मा मिस्त्रीने कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि म्हणाला, "झालं, हे गाडीपेक्षा जास्त टिकेल."

खरा खर्च होता गंज काढायचा. नुसती मजुरी. महिना-दीड महिना माणूस लावून खालचा सगळा लोखंडी सांगाडा, त्याला चॅसी म्हणतात, तारेच्या ब्रशने घासायचा, मग रंग. तेवढे पैसे नव्हतेच. हे रात्रंदिवस गप्प. म्हणजे नेहमीपेक्षा गप्प. मीच म्हटलं, "त्यात काय एवढं? मी घासते. जन्मभर भांडीच घासली आहेत, हे जरा मोठं पातेलं."

चष्मा मिस्त्री हसला. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि जाड हातमोजे घेऊन आले. हातमोजे पुरुषी मापाचे, माझ्या बोटांना प्रत्येकी एक इंच उरायचे. ब्रश फिरवायचं ग्राइंडर कसं धरायचं ते ह्यांनी माझ्या मागे उभं राहून शिकवलं. "फक्त तारेचा ब्रश लावायचा," म्हणाले. "ही दगडाची चकती लोखंड खाते. हिला हात लावायचा नाही."

सांगितलं होतं. मी आज कुणालाही सांगेन, सांगितलं होतं.

आता गंमत अशी, की ते सहा महिने माझ्या संसारातले सगळ्यात चांगले गेले. अंग दुखायचं, नाकातून लाल धूळ निघायची, केस धुऊन धुऊन विरळ झाले. पण गाडीखाली आडवे झाले की हे बोलायचे! चौतीस वर्षं घरात मूग गिळून बसलेला माणूस, लोखंडाच्या पोटाखाली त्याला वाचा फुटली. हा पोचा कसा पडला, तर घाटात ब्रेक गेला तेव्हा दरीऐवजी डोंगराला घातली म्हणून. ही कडी का वाकली, तर एकाच्या बायकोला दिवस भरले होते, दवाखाना लांब, मागे खोक्यांवर झोपवून नेली, ती ह्या कडीला धरून ओरडत होती. "मुलगा झाला," हे म्हणाले. "कडी मी मुद्दामच सरळ केली नाही." हे मला तेव्हा का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस." घ्या! मी दिवसाला शंभर प्रश्न विचारणारी बाई!

माझा एक दुर्गुण आहे. भांड्याच्या बुडाला टिकलीएवढा डाग राहिला तरी मला चैन पडत नाही. सासूबाईंनी त्याचं कौतुक करून करून तो वाढवून ठेवला होता. सांगाडा घासून होत आला होता, पुढच्या उजव्या चाकामागचा हातभर तुकडा तेवढा राहिला होता. त्या दिवशी हे टायर आणायला गेले होते, चष्मा मिस्त्री कुणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीमागे गेला होता. शेडमध्ये मी एकटी. ब्रश फिरवला, गंज निघाला, पण एका जागी बोटाला खडबडीत लागत होतं. बारीक बारीक खड्डे. पुन्हा ब्रश मारला. जात नाहीत. जुन्या रंगाचा आणि गंजाचा चिखल बसलेला, नीट दिसतही नव्हतं. मला वाटलं, गंजाने लोखंड खाल्लंय आतून. हे तसंच ठेवलं तर पुन्हा इथूनच सुरू होणार.

मी चकती लावली. लोखंड खाते, तर खाऊ दे थोडं. दहा मिनिटांत तो तुकडा आरशासारखा झाला. हात फिरवून बघितला, कुठे लागत नव्हतं. लगेच लाल प्राइमर मारला, म्हणजे पुन्हा गंज नको. संध्याकाळी हे आले, वाकून बघितलं, म्हणाले, "छान." मी दोन दिवस त्या एका शब्दावर फुगून फिरत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तपासणीची तारीख मिळाली. गाडी निळी रंगवली होती. मी ठेवणीतले कपडे घातले, डबा घेतला, आणि ह्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसले. मालकीणबाई! रस्त्यावरची पोरंसोरं बघत नव्हती, तरी सगळी माझ्याकडेच बघतायत अशा थाटात मी बसले होते. हे स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. असलं काही ह्यांना करताना मी पाहिलं नव्हतं.

कचेरीच्या मैदानात रांग होती. आमची पाळी आली. मला दोरीच्या अलीकडे थांबवलं. साहेबाने दिवे बघितले, ब्रेक बघितले, भोंगा वाजवायला लावला, मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला. मग त्याने कागद आणि पेन्सिल काढून काहीतरी सांगितलं, आणि हे थिनरचं फडकं घेऊन पुढच्या उजव्या चाकामागे आडवे सरकले. मला ह्यांचे फक्त पाय दिसत होते. घासताना पाय हलत होते. मग थांबले. बराच वेळ तसेच थांबले. साहेब खाली वाकला, आणि मोठ्याने म्हणाला, "हे कुणी घासलंय?"

मी लगेच हात वर केला. तोंड उघडलं, नाव सांगायला.

"मी," गाडीखालून आवाज आला. "मी घासलं, साहेब. मीच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने हातांना फोड माझ्या, नाकात धूळ माझ्या, आणि कौतुकाची वेळ आली तर 'मी'? साहेब ह्यांना आत घेऊन गेला. तासाभराने हे बाहेर आले, हातात एक कागद. "झाली पास?" मी विचारलं. "नाही." "का?" "कागद कमी पडला." आणि गाडी सुरू केली.

घरी पोहोचेपर्यंत मी थांबले नाही. "कागद मिळेल कधीतरी, तुमचं खरं रूप आज दिसलं! बायकोने केलेलं काम आपलं म्हणून सांगायला लाज नाही वाटली? चौतीस वर्षांत एकदा आपणहून चार शब्द बोललात, तेही खोटे!" हे समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मी आणखी बरंच बोलले. ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शेडमध्ये गेले तर तिथे पाच-सहा ड्रायव्हर जमलेले. चष्मा मिस्त्री ह्यांच्यावर ओरडत होता, पण रडवेल्या आवाजात. "अरे, चॅसीचा नंबर! कंपनीने ठोकलेला, साहेब कागदावर पेन्सिलीने ठसा घेतो तो नंबर! पोरासोरांना माहीत असतं, घासायच्या आधी त्याला ग्रीस लावून पट्टी चिकटवायची. इंजिन दुसरं, त्याचा नंबर गाडीच्या सरकारी पुस्तकात चढायचा तो चॅसीचा नंबर बघून. केबिनचा खांब दुसरा, जुन्यावरची नंबराची पाटी गेली. एकच नंबर शिल्लक होता, एकच, की ही गाडी ती गाडी! आणि तू तो चकतीने साफ केलास? मला वाटलं तू पट्टी लावली असशील!"

"चौतीस वर्षं गाडी हाकली आणि स्वतःचाच नंबर पुसला," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मालक झाले ना, शेठ झाले. घासूशेठ!" आणि सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती. हसायची सवय, एवढंच.

माझ्या हातातला डबा खाली पडला. खड्डे. ते बारीक बारीक खड्डे आकडे होते. मी तोंड उघडलं, तर हे माझ्याकडे बघत होते. मान हलवली, एकदाच, नाही म्हणून. आणि खाली बसून सांडलेलं जेवण गोळा करायला लागले.

घरी आल्यावर मी भिंतीला डोकं टेकून रडले. म्हटलं, मी उद्या जाऊन सांगते सगळ्यांना. तर म्हणाले, "काय सांगशील? चकतीला हात लावू नको म्हटलं, पण का, ते मी सांगितलं नाही. पट्टी मी लावायची होती." मी म्हटलं, "पण लोक तुम्हाला हसतात!" म्हणाले, "मला हसतील ते चार दिवस. तुझं नाव निघालं तर जन्मभर पुरेल त्यांना. मी ऐकू शकतो. तू नाही ऐकू शकत." ह्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी एकालाही सोडलं नसतं, आणि रोज जळत राहिले असते.

हे तीन वेळा कचेरीत गेले. साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "मला दिसतंय, गाडी तुमचीच आहे. पण कशावरून, ते मी काय लिहू?" वर्ष संपलं. भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी हे स्वतःच चढवायला गेले, मला बरोबर घेऊन. तिथल्या माणसाने विचारलं, "एवढा नवा रंग, काका?" हे म्हणाले, "बायकोच्या हातचा आहे." परतताना आम्ही बसने आलो.

मग स्टूल. लाकडाच्या वखारीच्या गेटवर. ट्रक आले की फाटक उघडायचं, वहीत वेळ लिहायची. मी दुपारी डबा घेऊन जायची तेव्हा ऐकू यायचं, "ओ घासूशेठ, गेट उघडा!" नवीन ड्रायव्हरांना जुने ती गोष्ट सांगायचे. हे हात करायचे आणि फाटक ओढायचे. दर वेळी माझ्या जिभेवर यायचं आणि दर वेळी मी गिळायची. ह्यांनी सांगितलं होतं म्हणून, हे खरं. पण मला ते सोयीचंही होतं, हेही खरंच. ज्या बाईने कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती ह्याच एका बाबतीत इतकी आज्ञाधारक कशी झाली, ते माझं मला माहीत आहे.

चौथ्या वर्षी छातीत कफ झाला. अकरा दिवस दवाखान्यात होते. ड्रायव्हर लोक पाळीपाळीने येऊन बसायचे, चष्मा मिस्त्री तर रोज. बाराव्या दिवशी सकाळी हे गेले. शेवटचा निरोप द्यायला सगळे आले, आणि माझ्याच दारात एकजण दुसऱ्याला हळू सांगत होता, "देवमाणूस होता रे. फक्त तो नंबर..." आणि दोघं डोळे पुसता पुसता थोडे हसले.

महिनाभर मी ते हसू घेऊन घरात बसले. मग एका सकाळी उठले आणि सरळ शेडमध्ये गेले. चष्मा मिस्त्री होता, चार ड्रायव्हर चहा पीत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ब्रश, खड्डे, चकती, लाल प्राइमर, मैदानातला तो वर केलेला हात. म्हटलं, "नंबर ह्यांनी नाही, मी घासला. आजपासून ह्यांना कुणी काही म्हणायचं नाही. मला म्हणा."

सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मग एकजण म्हणाला, "बसा वहिनी. पाणी देऊ?" दुसरा म्हणाला, "आम्ही मस्करी करायचो हो, मनात काही नव्हतं." आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होते. मी चिडले. म्हटलं, "अरे, खोटं वाटतं का तुम्हाला?" भिंतीवरचं ग्राइंडर काढलं, ब्रश काढून चकती लावून दाखवली, पान्याकडे न बघता. त्यांनी माना डोलावल्या आणि खाली बघितलं. आयुष्यात एक भांडण मी हरले नव्हते. आणि इथे समोर भांडायला कुणी उभंच राहत नव्हतं.

चष्मा मिस्त्रीने ग्राइंडर माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. चष्मा काढून शर्टाला पुसला. म्हणाला, "वहिनी, त्याने आम्हाला सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंय?"

"दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात. एवढा बोलताना त्याला मी कधी बघितला नाही. म्हणाला, 'ही येईल एक दिवस. म्हणेल, नंबर मी घासला. सगळं खरं वाटेल असं सांगेल. मला मोठं करायला सांगेल ती, तिचा स्वभावच तसा आहे. ऐकून घ्या. मानू नका.'"

मी तिथल्या फळीवर बसले. त्यांनी चहा दिला, तो घेतला. भांडायचं होतं ते ह्यांच्याशी.